ढालीवरचे सिंह आणि निशाणावरचा कुलचा

राजचिन्हाचा पहिला नियम असा की, त्यात राज्याचे काहीही वाईट दिसता कामा नये. दुष्काळ, कर्ज, भाऊबंदकी आणि हरलेल्या लढाया यांना ढालीवर जागा नसते. सिंहाला असते. ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या कोणी सिंह पाहिलेला नाही, त्या मुलखाच्या चिन्हावर तर हमखास दोन असतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. हिंदुस्थानातल्या संस्थानांची आणि शहरांची निशाणे व चिन्हे बहुतांशी या नियमाला धरून आहेत. मात्र त्यांत अधूनमधून मासा, नाग, अफूची बोंडे, मढी खाणारा पक्षी आणि चक्क एक रोटी असा मालही सापडतो, आणि पाहणाऱ्याचे लक्ष सिंहांपेक्षा तिकडेच जाते.

ढालीवर चित्र काढून मान मिरवण्याची रीत इथली नव्हे. इथे मान उचलायचा, धरायचा, वाजवायचा आणि मागेपुढे चालवायचा असे. छत्र, चामर, अब्दागिरी, मोर्चेल, नौबत, भालदार, चोपदार आणि हत्ती हा सारा सरंजाम म्हणजेच राजचिन्ह. निशाण हा त्यातला एक भाग. मराठ्यांचा भगवा तर बिनचित्राचा. त्यावर वाघ नाही, तलवार नाही, संस्कृत वचन नाही. जरीपटक्यावर जर होती, पण मजकूर नव्हता. तो कोणाचा हे पाहणाऱ्याला ठाऊक असे, आणि ज्याला ठाऊक नसे त्याला थोड्याच वेळात कळे. १७५८ साली मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या त्या या कोऱ्या कापडानिशी. तिथल्या कोणी त्याचा अर्थ विचारल्याचे ऐकिवात नाही.

मोगलांच्या दरबारी मात्र चित्राची नव्हे, तर मूर्तीची हौस होती. बादशहाची मोठी मर्जी झाली की सरदाराला माहीमरातब मिळे. म्हणजे काठीच्या टोकावर बसवलेला, सोन्याचा मुलामा दिलेला मासा, आणि तो हत्तीवरून मिरवण्याचा हक्क. १७९२ मध्ये महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहाकडून वकील-इ-मुतलकीची वस्त्रे घेऊन पुण्यात आले, तेव्हा सवाई माधवराव पेशव्यांसाठी आणलेल्या सन्मानांत हा मासाही हत्तीवर बसून आला. ज्यांच्या मुदपाकखान्याच्या उंबऱ्याआत मासळीला कायमचा मज्जाव, त्यांच्यापुढे ती वाजतगाजत, सलाम घेत आली. बादशाही मासा असल्यामुळे सोवळ्याओवळ्याचा प्रश्न कोणी काढला नसावा.

हा मासा हिंदुस्थानातले सर्वांत चिवट राजचिन्ह म्हणायला हवे. अवधच्या नवाबांनी तो जोडीने घेतला आणि लखनौच्या दरवाज्यांच्या कमानींवर दगडचुन्यात बसवला. १८१९ मध्ये कंपनीच्या उत्तेजनाने गाजीउद्दीन हैदर नवाबाचा बादशहा झाला. तेव्हा दरबारी चित्रकार रॉबर्ट होम याने त्याला विलायती घाटाचे राजचिन्ह करून दिले. त्यातही मासे होतेच. दिल्लीची बादशाही गेली, १८५६ मध्ये अवध खालसा झाले, पुढे कंपनी गेली, मग इंग्रजही गेले. मासे उत्तर प्रदेश सरकारच्या चिन्हात आजही शाबूत आहेत, आणि वर रामाचे धनुष्य आले म्हणून ते बिथरलेले नाहीत. इतकी राज्ये बघून एकाही राज्यात नोकरी न गमावण्याची किमया दुसऱ्या कुठल्याही प्राण्याला साधलेली नाही.

जयपूरचे निशाण हे अंकगणिताचे उदाहरण आहे. कछवाह्यांचे जुने निशाण पांढरे, त्यावर कचनाराचे झाड. राजा मानसिंगाने काबूलकडच्या मोहिमेत पाच अफगाण टोळ्या हरवल्या, त्यांच्या निशाणांचे रंग घेतले आणि पंचरंगी झेंडा केला, असे सांगतात. हरलेल्याचे निशाण काढून घेणे जगभर चालते. पाचांची मिळून एक गोधडी शिवणे जयपुरालाच सुचले. पुढे जयसिंगाला औरंगजेबाने ‘सवाई’ हा किताब दिला. सवाई म्हणजे इतरांपेक्षा पावपट जास्त. किताब कागदावर ठेवायचा हे जयपूरच्या राजांना पटले नाही. त्यांनी राजवाड्यावर एक पुरा झेंडा लावला आणि त्याच्या वर पाव आकाराचा दुसरा. आजही सिटी पॅलेसवर सव्वा झेंडा दिसतो. किताब दीडपटीचा असता तरी शिंप्याची फारशी अडचण झाली नसती. पाऊणपटीचा मिळाला असता तर मात्र पंचाईत होती.

पण निशाणांच्या राज्यात खरी गंमत आहे ती हैदराबादेची. आसफजाही निशाणाचा रंग पिवळा आणि मधोमध एक गोल वाटोळे. ते चंद्राचे म्हणावे तर पंचांगाशी संबंध नाही, सूर्याचे म्हणावे तर किरणे नाहीत. तो कुलचा आहे. कथा अशी की, पहिला निजाम दख्खनच्या कारभारावर निघण्यापूर्वी औरंगाबादचे सूफी संत हजरत निजामुद्दीन यांच्या भेटीला गेला. संतांनी पिवळ्या फडक्यात बांधलेले कुलचे पुढे ठेवले आणि पोटभर खा म्हणाले. पाहुण्याला भूक सपाटून लागली होती. त्याने सात खाल्ले आणि हात धुतले. संत म्हणाले, तुझ्या सात पिढ्या राज्य करतील. निजामाने फडक्याचा केला झेंडा आणि कुलच्याचे केले चिन्ह.

ही कथा खरी की खोटी याचा निवाडा करण्याचे कारण नाही, कारण तिचा हिशेब जुळवून ठेवलेला आहे. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद भारतात आले तेव्हा गादीवर सातवे निजाम मीर उस्मान अली खान होते. पहिल्या आणि दुसऱ्या निजामाच्या मध्ये नासिरजंग, मुजफ्फरजंग आणि सलाबतजंग या तिघांनीही राज्य केले, पण निजामांच्या गणतीत त्यांना धरत नाहीत. धरले तर कुलचे दहा होतात आणि भाकीत खोटे पडते. त्यामुळे तिघांना ताटावरून उठवले आहे. पाहुण्याने त्या दिवशी आग्रहाला बळी पडून आठवा कुलचा घेतला असता तर सरदार पटेलांचे काम किती वर्षांनी लांबले असते, हे सांगणे कठीण आहे.

ही सगळी निशाणे आपापल्या गावी, आपापल्या दंतकथांसह सुखाने फडकत असताना १ जानेवारी १८७७ हा दिवस उगवला. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर करण्यासाठी व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने दिल्लीला दरबार भरवला. त्रेसष्ट राज्यकर्ते संस्थानिक हजर होते. त्यांना काय भेट द्यावी यावर सरकारने विचार केला आणि असे ठरले की, प्रत्येकाला विलायती उमरावासारखे कुलचिन्ह द्यावे. युरोपात अशी चिन्हे शतकानुशतके लढाया, लग्ने आणि वारसाहक्क यांतून तयार होत आली. इथे ती दरबाराच्या तारखेआधी हवी होती. बंगालच्या मुलकी सेवेतला रॉबर्ट टेलर नावाचा अधिकारी कामाला लागला आणि त्याने सुमारे नव्वद चिन्हे तयार केली. कोणाचा वंश सूर्यापासून, कोणाचा चंद्रापासून, कोणाच्या पूर्वजाने कुठली लढाई मारली, कोणाच्या मुलखात काय पिकते, याची माहिती गोळा करून ती युरोपीय हेराल्ड्रीच्या व्याकरणात बसवण्यात आली. रेशमी निशाणांवर ती भरतकामात उतरवण्याच्या कामात लॉकवुड किपलिंग, म्हणजे पुढे प्रसिद्ध झालेल्या रुडयार्डचे वडील, यांचा हात होता.

निशाणे पाच फूट लांब, पाच फूट रुंद, आणि घाट जुन्या रोमन फौजेच्या निशाणांचा. हिंदुस्थानी राजे, इंग्रज राणी आणि रोमन काठी, असा त्रिवेणी संगम. काठ्या पितळेच्या आणि इतक्या जड झाल्या की, एक निशाण उचलायला दोन धट्टेकट्टे हायलँडर सोजीर लागले. स्वतः लिटननेच राणीला हे कळवले, आणि यापुढे मिरवणुकीत संस्थानिकांना ही निशाणे हत्तीच्या पाठीवर चढवावी लागतील असेही लिहिले. म्हणजे मोगलांचा मासा जिथे होता तिथेच हेही येऊन बसले. व्हॅल प्रिन्सेप हा चित्रकार या सोहळ्याचे चित्र काढायला मुद्दाम विलायतेहून आला होता. त्याला मंडपाचा सगळा थाट पाहून शिसारी आली आणि तसे त्याने आपल्या रोजनिशीत मोकळेपणाने लिहून ठेवले. चित्र मात्र काढून दिले.

त्याच वेळी दख्खनेत आणि मद्रासेकडे दुष्काळ पडलेला होता. तो कोणाच्याही ढालीवर नव्हता. दरबारात पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हाताने कातलेल्या सुताचे पांढरे कपडे घालून हजर झाले आणि त्यांनी सभेचे मानपत्र सादर केले. हिंदी प्रजेला ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचा दर्जा मिळावा, असे त्यात मागणे होते. सबंध मंडपात अर्थ सांगणारा कागद न जोडता कळावे असे चिन्ह म्हणजे काकांचे ते कपडे, एवढेच होते.

टेलरची चिन्हे पुढे १९०२ मध्ये कलकत्त्याला ग्रंथरूपाने निघाली, त्यामुळे ती निवांत पाहता येतात. रचना ठरलेली. मधे ढाल. ढालीवर घराण्याची गोष्ट. ढालीच्या दोन बाजूंना तिला धरून उभे राहिलेले दोघे. वर शिरस्त्राण, त्याच्यावर तुरा, आणि खाली फितीवर बोधवाक्य. अडचण अशी की, युरोपातल्या ढालीवर एखादा सिंह किंवा एखादा आडवा पट्टा पुरे होतो, पण इथल्या प्रत्येक घराण्याला कुलदैवत, वंश, किल्ला, लढाई, छत्र आणि पीक असे सगळेच दाखवायचे होते. काही ढाली त्यामुळे लग्नातल्या रुखवतासारख्या भरल्या. शिरस्त्राणाची तर वेगळीच कथा. मे महिन्यात जिथे पागोटेही नकोसे होते, तिथल्या राजांच्या चिन्हांवर नाकातोंडावर जाळी असलेले पोलादी टोप चढले.

इंदूरच्या होळकरांच्या चिन्हात नंदी, घोडा आणि छत्र आहे, आणि मागून डोकावणारी गव्हाची व अफूची ताटे आहेत. माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जाई आणि तिच्यावर कित्येक तिजोऱ्या भरल्या. तेव्हा राज्याचे उत्पन्न इतक्या सरळपणे चिन्हात मांडल्याबद्दल होळकरांना दाद दिली पाहिजे. मुंबईच्या ज्या शेठजींनी त्याच व्यापारावर रुग्णालये, धर्मशाळा आणि किताब मिळवले, त्यांच्या चिन्हांत बोंड शोधायला जाऊ नये.

ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या चिन्हात फणा काढलेले नाग आहेत. मूळपुरुष झोपला असताना नागाने त्याच्यावर फणा धरली, ही त्यामागची गोष्ट. अशी गोष्ट हिंदुस्थानात अनेक घराण्यांत आहे. राज्य मिळवणारा माणूस उघड्यावर झोपतो आणि नाग फिरत असतात, असेच दिसते. घराण्याची सत्ता उभी करणाऱ्या राणोजी शिंद्यांच्या झोपेची आणखी एक कथा माल्कम या कंपनीच्या अधिकाऱ्याने नोंदवून ठेवली आहे. पेशव्यांचे जोडे सांभाळताना त्यांना डुलकी लागली, पण झोपेतही जोडे छातीशी घट्ट धरलेले होते, आणि ते पाहून पेशव्यांनी त्यांना वर चढवले. नागाच्या कथेपेक्षा ही किती तरी चांगली. नाग माणसाने काही केले नाही तरी येतो. जोडे सांभाळावे लागतात. तरी चिन्हात नाग आले, जोडे आले नाहीत.

बडोद्याच्या गायकवाडांचे बोधवाक्य होते ‘जीन घर, जीन तख्त’. खोगीर हेच घर आणि खोगीर हेच सिंहासन. घोड्यावर आयुष्य काढलेल्या पूर्वजांना ते शोभत होते यात शंका नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० मध्ये, लक्ष्मीविलास पॅलेस बांधून झाला. खासगी निवासासाठी त्या काळी जगात उभ्या राहिलेल्या सर्वांत अवाढव्य इमारतींत त्याची गणना होते. बोधवाक्य बदलण्याची गरज मात्र भासली नाही. कच्छच्या निशाणावरचे वाक्य इंग्रजीत होते, ‘करेज अँड कॉन्फिडन्स’. ते भुजच्या बाजारात किती जणांना वाचता येत होते हा प्रश्न गौण. ज्यांनी वाचावे अशी अपेक्षा होती त्यांना येत होते.

ढाल धरून उभ्या राहणाऱ्यांत बहुतेक ठिकाणी सिंह, वाघ, घोडे आणि हत्ती यांची भरती झाली. मेवाडने तेवढे वेगळे केले. तिथल्या ढालीच्या एका बाजूला रजपूत आहे आणि दुसऱ्या बाजूला धनुष्य घेतलेला भिल्ल. १५७६ च्या हळदीघाटीत आणि नंतरच्या रानोमाळच्या दिवसांत राणा प्रतापांना ज्यांनी साथ दिली त्यांची ही आठवण. राजाच्या बरोबरीने प्रजेतला कोणी, आणि तोही डोंगरातला, माणूस म्हणून उभा केलेला आहे, असे चिन्ह त्या नव्वदांत शोधून काढावे लागेल.

प्राण्यांत सर्वाधिक हाल हत्तीचे. मुरुडच्या जंजिऱ्याच्या दरवाजाजवळच्या शिल्पात एका श्वापदाने चार पायांत चार हत्ती दाबले आहेत, एक शेपटीत गुंडाळला आहे आणि एक तोंडात धरला आहे. रायगडाच्या महादरवाज्यावर सिंहाच्या घाटाचा शरभ आहेच. कर्नाटकात हेच काम गंडभेरुंडाकडे आहे. हा दोन डोक्यांचा पक्षी विजयनगरच्या अच्युतरायाच्या नाण्यांवर दोन्ही चोचींत आणि दोन्ही पंजांत हत्ती घेऊन उडतो. तो पुढे म्हैसूरच्या वोडेयारांकडे गेला, आणि त्याला धरायला दोन्ही बाजूंना उभे केले ते हत्तीचे तोंड आणि सिंहाचे धड असलेले गजकेसरी. हत्तीची एवढी सोय लावल्यावर हत्तीने तक्रार करायला जागा उरली नाही. संस्थान विलीन झाले, पण पक्षी कर्नाटकाच्या राज्यमुद्रेवर आणि तिथल्या सरकारी बसच्या बोधचिन्हात उडतोच आहे. चोचीत हत्ती नाहीत, एवढीच काय ती सुधारणा.

राजांचे पाहून शहरांनीही चिन्हे केली. गोव्यात पोर्तुगीजांनी चाक घेतले. १५१० मध्ये अल्बुकर्कने शहर घेतले तो दिवस, २५ नोव्हेंबर, सेंट कॅथरीनचा. आणि तिला ज्या काटेरी चाकावर मारायचे ठरले होते ते चाक गोव्याच्या चिन्हात आले. शहर जिंकणाऱ्याने छळाचे यंत्र निशाणी म्हणून लावावे, यातला विनोद लिस्बनला कळला नसावा. मुंबईने लॅटिनमध्ये ‘अर्ब्स प्राइमा इन इंडिस’ म्हणजे हिंदुस्थानातले पहिले शहर असे लिहिले, आणि १८९३ मध्ये झालेल्या पालिकेच्या इमारतीवर पंखवाली मूर्ती बसवून ते शब्द तिच्या हवाली केले. त्या वेळी राजधानी कलकत्त्याला होती, ही बाब मूर्तीला कोणी सांगितली नाही. पुढे पालिकेने ‘यतो धर्मस्ततो जयः’ हे वचन घेतले. हेच वचन जयपूरच्या चिन्हाखाली होते, आणि सर्वोच्च न्यायालयाचेही तेच आहे. मूळ महाभारतातले आहे, तेव्हा हक्क कोणाचा हा वाद उभा राहिलाच तर तो कुठे चालवायचा, हाही प्रश्नच.

कलकत्त्याच्या पालिकेला १८९६ मध्ये चिन्ह मिळाले, आणि त्यात ढालीच्या दोन बाजूंना सिंह नाहीत. तिथे दोन हडगिळे उभे आहेत, प्रत्येकाच्या चोचीत एकेक साप. हडगिळा हा करकोच्याच्या जातीचा, माणसाच्या छातीपर्यंत किंवा त्याहून वर येणारा पक्षी. डोक्याला टक्कल, गळ्याला लोंबणारी लाल पिशवी, आणि चाल फौजेतल्या अधिकाऱ्यासारखी ताठ, म्हणून इंग्रजांनी त्याचे नाव ‘अ‍ॅडज्युटंट’ ठेवले. तो हुगळीच्या काठची मढी, खाटिकखान्यातली हाडे आणि रस्त्यावरचा उकिरडा फस्त करी, आणि जेवण झाले की गव्हर्नमेंट हाउसच्या छपरावर जाऊन बसे. पालिकेला जे जमत नव्हते ते तो फुकट करत होता, म्हणून त्याला मारणाऱ्याला पन्नास रुपये दंड होता. त्या काळचे पन्नास रुपये म्हणजे साध्या कारकुनाचा महिन्याचा पगार कधीच उडालेला.

पुढे भुयारी गटारे झाली, उकिरडे कमी झाले, आणि पक्षी कलकत्त्यातून नाहीसा झाला. आता तो भारतात मुख्यत्वे आसाम आणि बिहार एवढ्या भागात उरला आहे. आसामात त्याची घरटी वाचवणाऱ्या बायकांनी त्याचे चित्र हातमागाच्या कापडावर विणायला घेतले आहे. हिंदुस्थानातल्या सगळ्या ढालींना गुण द्यायचे झाले तर पहिला नंबर कलकत्त्याच्या या जुन्या चिन्हालाच द्यावा लागतो. मेवाडचा भिल्ल दुसरा. शहर झाडणाऱ्याला शहराच्या चिन्हावर उभे करणारी दुसरी नगरपालिका या देशात ऐकिवात नाही.